मुके झालेले कुत्रे अधिक धोक्याचे

माधवनगरातील घर असो की उज्जैनबाहेरच्या शेतावरचा गोठा, दाराशी एखादे कुत्रे असतेच. ते रात्रभर राखण करते, म्हणून आपण निश्चिंत झोपतो. असे कुत्रे एकाएकी वेगळे वागू लागले, की घरात दोन मते निघतात. कोणी म्हणते, ‘माजले आहे, चार फटके द्या.’ कोणी म्हणते, ‘नजर लागली, उतरून टाका.’ आम्हांला ही दोन्ही मते घातक वाटतात. मुक्या जनावराची वागणूक बदलणे, हीच त्याची तक्रार असते.

कारणे अनेक असतात. कान पिकला किंवा दात दुखू लागला, की गरीब कुत्रेही हात लावताच चावते. म्हातारपणी दृष्टी गेली, की ते दचकून अंगावर येते. पिकावरचे कीटकनाशक पोटात गेले, तर लाळ गळते व झटके येतात. याचा निवाडा पशुवैद्यानेच करावा. परंतु पहिली शंका रेबीजची घ्यावी. कारण माणसात रेबीजची लक्षणे एकदा दिसली, की बहुधा मृत्यू टळत नाही.

पिसाळलेले कुत्रे म्हणजे भुंकत व चावत सुटलेले, अशी आपली समजूत आहे. पण या रोगाचा दुसरा, मुका प्रकारही आहे. त्यात कुत्रे अंधारात जाऊन बसते, आवाज घोगरा होतो, खालचा जबडा लोंबतो, घास गिळवत नाही. घशात हाड अडकले असे समजून धनी तोंडात हात घालतो आणि लाळ बोटांवरच्या जखमेला लागते. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या गाई-म्हशींच्या बाबतीतही असेच घडते. ‘पाणी पिते, म्हणजे पिसाळलेले नाही’ हेही खोटे. पाण्याची भीती हे माणसातील लक्षण आहे.

म्हणून असे कुत्रे मारू नये, कुरवाळूही नये. शक्य तर खोलीत कोंडावे, मुलांना दूर ठेवावे व पशुवैद्यास बोलवावे. चावा किंवा ओरखडा बसला, अथवा जखमेला लाळ लागली, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. मिरची, चुना, तेल काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवतात हे खरे. पण त्यासाठी लस थांबवू नये. पोटातील चौदा सुयांच्या धास्तीने अजूनही काहीजण टाळाटाळ करतात. ती जुनी लस आपल्या देशात २००५ पासून बंद आहे. आता दंडात मोजकीच इंजेक्शने देतात. जखम रक्ताळलेली असेल, तर जखमेत वेगळे औषधही टोचतात.

१८८५ साली लुई पाश्चर यांनी ही लस प्रथम एका नऊ वर्षांच्या मुलास दिली व तो वाचला. त्यांचा स्मृतिदिन, २८ सप्टेंबर, आज जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. गोव्यात २०१३ नंतर गावोगावी कुत्र्यांना लस टोचण्यात आली आणि २०१८ पासून पुढील तीन वर्षे तेथे रेबीजने एकही माणूस दगावला नाही. गोव्याला जमले, ते आपल्यालाही जमेल.

‘शेतावरचे कुत्रे कुणाचेच नसते’ असे म्हणून हात झटकू नका. ज्याची भाकरी ते खाते, त्याचेच ते. बैलाला खुरकतीची लस टोचून घेताना त्यालाही दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्या.