पुरे आता, मेव्हणे!

टेनिसच्या चेंडूशी माझं काही वैर नाही. विंबल्डनला त्याच्याकडून जे काम करून घेतात ते त्यानं खुशाल करावं. माझं भांडण आहे ते हा चेंडू खिशात घालून भल्या पहाटे टेकडीवर येणाऱ्या आणि कुत्र्याला लोळवल्याशिवाय खाली उतरायचं नाही अशी प्रतिज्ञा केलेल्या सद्गृहस्थांशी. ही माणसं एरवी अत्यंत सज्जन असतात. बँकेत असतात, विमा कंपनीत असतात, क्वचित मराठीचे प्राध्यापकही असतात. बायकोनं कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला सांगितली तर यांचे गुडघे दुखतात. पण कुत्र्याच्या व्यायामाचा विषय निघाला, की यांच्या अंगात तालमीतला वस्ताद संचारतो.

"आमचा तासभर पळतो. दमायचं नाव नाही!" हे वाक्य चिरंजीव बोर्डात आल्याच्या थाटात उच्चारलं जातं. त्यावर दुसरा लगेच दीड तासाचा कुत्रा काढतो. "आमचा बुवा वीस मिनिटांत दमतो, मग आम्ही घरी जातो," असं म्हणणारा एकही मालक मला आजवर त्या टेकडीवर भेटलेला नाही.

या पंथाचं एक महावाक्य आहे : दमलेला कुत्रा तोच शहाणा कुत्रा. वाक्य साहेबाच्या मुलखातून आलेलं असल्यामुळे ते तपासून बघायची आपल्याकडे पद्धत नाही. दमलेला मी कितपत शहाणा असतो हे आमच्या घरी विचारा. शिवाय यात हिशेबाची एक साधी चूक आहे. रोज पळवलेला कुत्रा रोज थोडा जास्त दणकट होतो. आज वीस फेकींत दमला तर महिन्यानं चाळीस लागतात. म्हणजे कुत्रा शहाणा होत नाही, पैलवान होतो, आणि वस्तादांचा आकडा तेवढा वाढत जातो.

आता हा प्रयोग ज्याच्यावर चालतो तो प्राणी कोण? आपल्याकडे बहुधा लॅब्रेडॉर. याचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या बर्फगार समुद्रात कोळ्यांच्या हाताखाली जाळी ओढायला आणि निसटलेले मासे आणून द्यायला होते. एकोणिसाव्या शतकात इंग्रज उमरावांनी त्यांना आपल्या देशात नेलं, बार काढून पाडलेले पक्षी आणायच्या कामाला लावलं, आणि १९०३ साली तिथल्या केनेल क्लबनं ही जात रीतसर नोंदवून घेतली. कामाचा कुत्रा, कामाचा कुत्रा म्हणतात तो हा. पण त्या कामाचं स्वरूप बघा. शिकाऱ्यानं नेम धरायचा, पक्षी पडायचा, यानं तो आणून द्यायचा, की पुन्हा गप्प बसून वाट बघायची. बसून वाट बघण्याचा भाग आपल्या एखाद्या सरकारी कचेरीतल्याइतकाच मोठा. टेकडीवर मात्र दर दहा सेकंदांना एक बदक पडतं आणि असं पाऊण तास चालतं. तेव्हाच्या इंग्लंडात या वेगानं बदकं पडली असती, तर पुढच्या हंगामाला औषधालासुद्धा उरली नसती!

बरं, या प्राण्याला घाम फुटायची सोय नाही. पंजांच्या तळव्यांना येतो तेवढाच. बाकी सगळी उष्णता बाहेर टाकायची ती जीभ बाहेर काढून, धापा टाकून. त्याचं रोजचं तापमानच १०१-१०२. दहा मिनिटं जीव तोडून पळाला की चांगला निरोगी लॅब्रेडॉरसुद्धा १०७ च्या घरात जातो. आपल्याला १०४ झाला तर घरचे नातेवाइकांना कळवायला घेतात. हा गडी १०७ वर चेंडू आणून आपल्या पायाशी ठेवतो आणि वर बघतो. त्या नजरेचा अर्थ "मला अजून झेपतंय" असा लावायचा नसतो. त्याचा अर्थ एवढाच, की "तुम्ही फेकलात तर मी जाणार." मांस खाणारा, दात असलेला, पन्नास वार लांबून मांजर हुंगणारा हा प्राणी, पण त्याला "नको" म्हणता येत नाही. ते त्याच्या वतीनं कुणीतरी म्हणायचं असतं.

आमच्याकडे बाजी नावाचा असा एक आहे. वय दोन वर्षं. गेल्या नोव्हेंबरात हिचे धाकटे बंधू मुक्कामाला आले होते. हे पंथाचे ज्येष्ठ सदस्य. सकाळी टेकडीवर गेलो. थंडी होती, माझ्या अंगात स्वेटर होता. म्हणजे "उन्हानं झालं असेल हो" ही पळवाट आधीच बंद करून ठेवतो. मेव्हण्यांनी उतारावर चेंडू फेकायला सुरुवात केली. मी तीनदा म्हणालो, "पुरे आता." तिन्ही वेळा उत्तर आलं, "भाऊजी, कामाचा कुत्रा आहे हा. याला बसवून ठेवणं म्हणजे पाप आहे!" पापाला घाबरून मी कधी गप्प बसलेलो नाही, म्हणून चौथ्यांदा जरा मोठ्यानं म्हणालो. तोवर दहा-बारा मिनिटं झाली होती.

बाजी चेंडू घेऊन चढ चढताना मागचे पाय फाकवून चालायला लागला. मग ते पाय घासटायला लागले. मग मागचा सगळा भाग लुळा पडला, आणि तरीही तो पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत, तोंडातला चेंडू न सोडता मेव्हण्यांच्या दिशेनं सरपटत होता. बाजीप्रभूंनी पावनखिंडीत विशाळगडावरच्या तोफेची वाट बघितली. तोफ झाली आणि मग देह ठेवला. आमच्या बाजीच्या बाबतीत गडावरून तोफेऐवजी चेंडूच येत होते.

तो आडवा झाला आणि भोवती माणसं जमली. टेकडीवर डॉक्टर नसतो, पण औषध प्रत्येकाकडे असतं. एकानं फिट आली असं जाहीर केलं आणि स्वतःची चप्पल काढून बाजीच्या नाकाला लावली. दुसरा कांदा शोधायला धावला. वास्तविक फिट आलेल्या कुत्र्याला सहसा कशाचीही शुद्ध नसते. हा पूर्ण शुद्धीवर होता आणि चप्पल चुकवून चेंडू कुठे गेला ते बघत होता. एका काकांनी तापाची गोळी पुढे केली. (माणसांच्या गोळ्या कुत्र्याला विषासारख्या बाधू शकतात आणि पळून चढलेली उष्णता त्यांनी उतरत नाही, हे त्या काकांना कुणीतरी सांगा. मी सांगितलं तर त्यांना राग आला.) चौघांचं मत पडलं, "उभा करा, चालवा, रक्त मोकळं होईल." एवढ्या गर्दीत एक मुलगी तेवढी काही न बोलता पुढे आली. तिनं आपल्या बाटलीतलं पाणी त्याच्या पोटावर आणि पंजांवर ओतलं, "पडू द्या त्याला," म्हणाली आणि निघून गेली. ती बहुधा कुठल्याच पंथाची नसावी.

पंधराव्या मिनिटाला बाजी उठला. अंग झटकलं. जणू काही झालंच नाही! चेंडू उचलून त्यानं मेव्हण्यांच्या पायाशी ठेवला. आणि मेव्हणे तो घ्यायला खाली वाकले!

त्यानंतर मी जे बोललो त्यामुळे दोन घरांत तीन आठवडे बोलणं बंद होतं. मला त्यातला एकही शब्द मागे घ्यायचा नाही.

डॉक्टरांनी हृदय तपासलं, रक्तातली साखर बघितली, गोचीडताप नाही ना ते बघितलं. सगळं ठीक निघालं तेव्हा गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून तो जनुकाच्या तपासणीला पाठवला. निकाल आला. या प्रकाराला व्यायामानं येणारं कोसळणं म्हणतात, आणि त्यामागचा दोष २००८ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा आणि कॅनडातल्या सस्कॅचेवान या विद्यापीठांतल्या मंडळींनी शोधून काढलेला आहे. तो डायनॅमिन नावाच्या प्रथिनात असतो. पूर्वी सरकारी दूध केंद्रावर रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळत नसे, ते आठवतंय? तसंच आहे. मज्जातंतूच्या टोकाशी निरोपाच्या रसायनाच्या बारीक बारीक पिशव्या असतात. निरोप गेला की पिशवी रिकामी होते, आणि ती परत भरण्यासाठी माघारी आणायचं काम डायनॅमिनचं. बाजीचं डायनॅमिन हे काम करतं, पण रेंगाळत. साध्या चालीला तेवढं पुरतं. अंग तापलेलं, डोकं चेंडूनं भडकलेलं आणि निरोपांचा भडिमार सुरू, अशा वेळी बाटल्या संपतात. निरोप निघतच नाहीत, आणि पाय गळतात. बहुतेक कुत्रे यातून पाव-अर्ध्या तासात उठतात. काही उठत नाहीत. पळवणं चालू ठेवलं तर विशेषतः उठत नाहीत.

हा दोष आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून आला तरच त्रास देतो. एकाच बाजूनं आलेला कुत्रा ठणठणीत असतो, फक्त तो दोष पुढे पोचवतो. म्हणजे जुगवण्याआधी आईबापांची एकेक तपासणी केली, तर अशी पिल्लं जन्माला घालायचं काही कारण उरत नाही. ज्या गृहस्थाकडून बाजी घेतला त्यांना मी फोन करून तपासणीचं विचारलं. ते म्हणाले, "साहेब, याचे वडील चॅम्पियन आहेत." आपण छत्तीस गुणांची पत्रिका बघणारे लोक. गोत्र बघतो, नाडी बघतो, मुलाच्या मावशीचा स्वभाव बघतो. आणि पोत्यानं पैसे मोजून कुत्रा आणताना एक जनुक बघायला सांगितलं, तर विकणारा बापाची पदकं दाखवतो.

मग कुत्र्याला सोफ्यावर बसवून ठेवायचा का, असा प्रश्न मला टेकडीवर कुत्सितपणे विचारला जातो. मुळीच नाही. कामाच्या कुत्र्याला काम हवंच. पंथाचं एवढं म्हणणं मला मान्य आहे. बाजी रोज पट्ट्यावर तासभर चालतो, तब्येतीत, प्रत्येक खांबाची विचारपूस करत. तेवढ्यानं त्याला काही होत नाही. मारक ठरतं ते चेकाळून केलेलं पळणं : चेंडू, पाठलाग, चार कुत्र्यांची झोंबाझोंबी. घरात आम्ही भाकरीचे तुकडे लपवतो आणि तो ते नाकानं शोधतो. पाव तास हुंगून झाल्यावर तो जो झोपतो, तसा चाळीस चेंडूंनंतरही झोपत नसे. धरणावर पोहायला मात्र नेत नाही. पाय गळायचेच असतील तर जमिनीवर गळावेत, पाण्यात गळले तर संपलं. आणि मागचा पंजा एकदा जरी घासटला, तरी तिथेच खेळ बंद. "शेवटचा एक" हा शब्दप्रयोग आमच्या घरात आता फक्त जिलबीच्या बाबतीत चालतो.

यात एक मेख आहे, ती सांगून टाकतो. पडलेला प्रत्येक कुत्रा बाजीसारखा पाव तासात उठेल असं समजू नये. धापा थांबत नसतील, नजर भ्रमिष्ट असेल, उलटी किंवा रक्ताची हगवण झाली, तर तो उष्माघात. तिथे आधी भरपूर पाणी अंगावर ओतायचं, वारा घालायचा आणि मग रिक्षा शोधायची; याच क्रमानं. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नये, आतली उष्णता आतच कोंडते. मेंढ्या वळणारे बॉर्डर कोली आहेत, तेही असेच पळता पळता झोकांड्या खाऊन पडतात. त्यांच्यात हे जनुक सापडत नाही आणि खरं कारण अजून कुणाला उमगलेलं नाही. तिथलाही पहिला उपाय एकच : थांबवा. आपल्याकडे धनगराचा कुत्रा कळपाबरोबर मैलोन् मैल चालतो आणि दुपारी बाभळीखाली ताणून देतो. त्याचा मालकही शेजारीच आडवा असतो. कुत्र्याला थकवायचं असतं ही गोष्ट त्या बिचाऱ्या धनगराच्या कानावरच गेलेली नाही.

पूर्वी निसर्गानं एक बंदोबस्त करून ठेवला होता. फेकणाऱ्याचा खांदा दुखायचा. कुत्र्याच्या शरीरातला "पुरे" माणसाच्या दंडात बसवलेला होता म्हणा ना! विज्ञानानं तोही काढून टाकला. आता लांब दांड्याची प्लॅस्टिकची एक पळी मिळते. तिच्या टोकाला वाटी असते, वाटीत चेंडू बसतो, आणि साठीचा माणूससुद्धा खांदा न दुखवता तासभर कुत्र्याला दुप्पट लांब पिटाळू शकतो. वाकायलाही लागत नाही. हे अवजार ज्यानं काढलं त्यानं माणसाच्या खांद्याचा विचार केला, कुत्र्याच्या पायांचा केला नाही.

बोलणं पुन्हा सुरू झाल्यावर मेव्हण्यांनी समेटाची खूण म्हणून आमच्याकडे हीच पळी पाठवली. "भाऊजींच्या खांद्याला बरं," असा निरोपही होता. हिच्या माहेरची वस्तू परत पाठवता येत नाही. सोसायटीच्या कुंपणाला लागून लिंबाचं झाड आहे, त्याची वरची लिंबं आम्ही हल्ली तिनंच काढतो. लिंबू त्या वाटीत अगदी चपखल बसतं. बाजी खाली बसून प्रत्येक लिंबाकडे मोठ्या आशेनं बघत असतो, आणि मी ते त्याच्या डोळ्यांदेखत पिशवीत टाकतो.