आयत्या बिळावरचा नागोबा

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्या बचत गटाची एक मोठी ऑर्डर हातची गेली. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्याला कामगारांना वाटायला फराळाची दोनशे पाकिटं हवी होती. चकली, शेव, करंज्या, बेसनाचे लाडू. दर ई-मेलनं कळवा, असा निरोप आला. आमच्या खजिनदार वहिनींनी तेल-डाळीचे भाव काढले, हिशेब मांडला, मी दोनदा वाचून पाहिला आणि त्यांनी पत्र पाठवलं. आठ दिवस झाले तरी उत्तर नाही. शेवटी फोन केला, तर तिकडचे साहेब म्हणाले, ‘ताई, तुमचं काहीच आलं नाही. काम दुसऱ्यांना दिलं.’

वहिनींचा चेहरा मला अजून आठवतो. ‘मी पाठवलं होतं हो ताई, या हातानं पाठवलं होतं,’ एवढंच त्या म्हणत राहिल्या. वहिनी दहावी शिकलेल्या. पंचेचाळिशीत हट्टानं एमएस-सीआयटीचा कोर्स केला, म्हणून आम्ही त्यांना कॉम्प्युटरवर बसवलं. त्या दिवशी नेरुळच्या आमच्या खोलीत दोघी-तिघी कुजबुजल्याच, ‘हिला बसवलंच कशाला?’ वहिनी काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कॉम्प्युटरला हात लावणं सोडलं. ऑर्डर गेल्याचं दुःख होतंच. पण एक शिकती बाई मागे सरली, हे मला जास्त लागलं.

रविवारी इंजिनीअरिंगला असलेला माझा भाचा आला. त्याला सगळी हकिकत सांगितली. त्यानं पाच मिनिटांत पत्र शोधून काढलं. ते कुठेही गेलेलं नव्हतं. आमच्याच कॉम्प्युटरमधल्या एका प्रोग्रामच्या ‘आउटबॉक्स’मध्ये मुकाट्यानं पडून होतं. त्याच्या शेजारी आणखी दोन पत्रं होती, त्याआधीच्या महिन्यातली!

झालं होतं असं. आमचा कॉम्प्युटर एका ओळखीच्या कुटुंबानं वापरून झाल्यावर दिलेला. तो विकत घेतला तेव्हापासूनच त्यात एक ई-मेलचा प्रोग्राम भरलेला होता. त्यात आधीच्या मालकांचा जुना पत्ता जोडलेला, त्याचा पासवर्डही कधीच बदललेला. आम्ही सगळ्या जीमेल वापरतो, क्रोममध्ये उघडून. पण वहिनींनी कारखान्याच्या कागदावरच्या ई-मेल पत्त्यावर क्लिक केलं. अशा पत्त्यावर क्लिक केलं की कॉम्प्युटर विचारत नाही, ‘बाई, कशातून पाठवू?’ ज्याला त्यानं मुख्य कारभारी मानलंय, ज्याला ‘डिफॉल्ट’ म्हणतात, त्याच्याच हाती पत्र देतो. आमच्याकडे तो कारभारी जुनाच होता. पत्र लिहायची चौकट उघडली, वहिनींनी लिहिलं, ‘सेंड’ दाबलं, चौकट मिटली. पाठवलं असंच कोणालाही वाटेल. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात ना, तसंच हे. चूक वहिनींची नव्हतीच.

भाचा भराभर बटणं दाबायला लागला, तेव्हा मी त्याचा हात धरला. म्हटलं, ‘अरे, तू नुसतं सांग. करणार वहिनी.’ वहिनींना बोलावून आणलं. मैत्रिणींनो, त्या दिवशी आम्ही जे शिकलो ते तुम्हालाही सांगते, कारण ही अडचण घरोघरी आहे.

पहिली गोष्ट, घाईनं काही काढायचं नाही. जुन्या प्रोग्राममध्ये अडकलेली किंवा फक्त तिथेच साठवलेली पत्रं आधी बघून घ्यायची, हवी ती दुसरीकडे उतरवून ठेवायची. दुसरी गोष्ट, नवा कारभारी नेमायचा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’ आणि त्यात ‘डिफॉल्ट ॲप्स’ असं पान असतं. विंडोज १० मध्ये तिथे ‘ईमेल’ अशी ओळ दिसते. विंडोज ११ मध्ये ‘मेलटू’ हा शब्द शोधावा लागतो. तिथे जुन्याच्या जागी क्रोम निवडायचं. मग क्रोममध्ये जीमेल उघडलं की वरच्या पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे एकमेकांवर चढलेल्या दोन चौकटींसारखी खूण दिसते. तिच्यावर क्लिक करून परवानगी द्यायची. तिसरी गोष्ट, त्याच ‘ॲप्स’च्या यादीत नको असलेला प्रोग्राम शोधून ‘अनइन्स्टॉल’ करायचा. आणि शेवटी स्वतःलाच एक पत्र पाठवून बघायचं, ‘सेंट’मध्ये दिसतंय ना याची खात्री करायची. मोबाइलवर काही ॲप्स निघतच नाहीत. तिथे ‘डिसेबल’ करता आलं, तर निदान ती गप्प बसतात. मात्र ज्याचं काम काय हे माहीत नाही, त्याला हात लावायचा नाही. माळा आवरताना कामाचा पाटा-वरवंटा आपण थोडाच भंगारात देतो?

हे सगळं करताना माझ्या मनात एकच प्रश्न होता. आपण न मागता ही अडगळ आपल्या घरात आली कशी? उत्तर साधं आहे. पुष्कळदा अशा प्रोग्रामच्या कंपन्या कॉम्प्युटर बनवणाऱ्यांना त्यासाठी पैसे देतात. विकत आपण घेतो आणि जागा भलतेच अडवून बसतात, आयत्या बिळावर नागोबा! २००८ साली सोनी कंपनीनं अमेरिकेत तर कमालच केली. आपल्या काही लॅपटॉपमधून ही अडगळ काढून देण्यासाठी गिऱ्हाइकाकडून सुमारे ५० डॉलर घ्यायचं ठरवलं. लोकांनी ओरड केली, तेव्हा तो आकार मागे घेतला. म्हणजे कचरा त्यांनी टाकायचा आणि झाडायचे पैसे आपण द्यायचे!

आणि आधीच बसवलेलं कायम टिकतं असंही नाही. विंडोज १० बरोबर ‘मेल’ नावाचा प्रोग्राम यायचा. मायक्रोसॉफ्टनं ३१ डिसेंबर २०२४ ला त्याचा आधार काढून घेतला आणि लोकांना नव्या आउटलुककडे वळवलं. जे आपण निवडलेलं नसतं, ते कधी बदलायचं हेही आपल्या हातात राहत नाही.

हा प्रश्न आपल्या देशात वरपर्यंत गेलेला आहे. २० ऑक्टोबर २०२२ ला भारतीय स्पर्धा आयोगानं अँड्रॉइड फोनच्या प्रकरणात गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. आधीच बसवलेली गूगलची ॲप्स लोकांना काढू द्या, असाही आदेश त्यात होता. पुढे २९ मार्च २०२३ ला अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, पण ॲप्स काढू देण्याचा तो आदेश मात्र रद्द केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. युरोपात नवा कायदा लागू झाला, तेव्हा २०२४ साली तिथल्या लोकांना विंडोजमधून एज ब्राउझर काढून टाकण्याची मुभा मिळाली. आपल्याला ती दिली गेली नाही. म्हणजे तोच प्रोग्राम तिथल्या गृहिणीला नको म्हणता येतो आणि इथल्या गृहिणीला येत नाही!

सरकारही या मोहातून सुटलेलं नाही. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दूरसंचार विभागानं प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ ॲप आधीच बसवा, असं कंपन्यांना सांगितलं. देशभर गदारोळ झाला आणि ३ डिसेंबरला ती सक्ती मागे घेतली गेली. ॲप उपयोगी असेलही. हरवलेला फोन बंद करायला त्याचा उपयोग होतो. पण उपयोगी वस्तूसुद्धा विचारून द्यावी, हे आपण घरातल्या सुनेच्या बाबतीतही आता मान्य केलंय ना?

काही जण म्हणतील, आधीच बसवलेलं असतं म्हणून तर नवख्या माणसाची सोय होते. खरं आहे. फोन हातात आला की लगेच वापरता यावा, हे मलाही हवंच. माझं म्हणणं इतकंच, की द्या. पण नको असेल तर काढण्याची वाटही द्या, आणि ती सापडेल अशी द्या. दुकानदारानं कॉम्प्युटर देताना ‘ताई, यातलं तुम्हाला काय हवं, काय नको?’ एवढं विचारलं, तरी निम्मं काम होईल. आपण चार भांडी घेतानाही वाजवून घेतो. मग हजारो रुपयांची वस्तू घेताना गप्प का बसतो? ‘त्यातलं आपल्याला काय कळतं’ असं म्हणून मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या हाती का देतो?

त्या रविवारी तो प्रोग्राम वहिनींनी स्वतः काढला. शेवटचं बटण दाबताना त्यांचा हात जरा थरथरला. पुढच्या बैठकीत मी आउटबॉक्समधल्या त्या तीन पत्रांची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली. कुजबुजणाऱ्यांपैकी एकीनं उठून वहिनींची माफी मागितली.

संक्रांतीच्या आधी तिळगुळाच्या ऑर्डरसाठी आम्ही दोन ठिकाणी दर पाठवले. पाठवून झाल्यावर वहिनींनी ‘सेंट’ उघडून मला दाखवलं आणि म्हणाल्या, ‘बघा ताई, गेलं.’ अर्ध्या तासात एका ठिकाणचं उत्तर आलं. ऑर्डर छोटी होती, चाळीस पाकिटांची. पण ते उत्तर वहिनींनी मोठ्यानं वाचून दाखवलं, दोनदा.