टाकी फुटत नाही, राव!

फिश टँकचं पाणी घरभर झालं की वाक्यं ठरलेली असतात. पहिलं, "टाकी फुटली." दुसरं, "होतं असं कधीकधी, काय करणार." मंडळी, मी आजवर ऐकलेल्या-पाहिलेल्या प्रकारांत काच खरोखर फुटल्याचे थोडेच. आणि "होतं असं" तर मला मुळीच मान्य नाही. पाणी कुठून जाणार, किती जाणार आणि कुठे थांबणार, हे टाकी मांडली त्या दिवशीच ठरलेलं असतं.

हे एवढ्या तावातावाने लिहायचं कारण म्हणजे मी खालच्या मजल्यावर राहतो :) मार्चमधे वरच्या काकांची टाकी रात्रीतून माझ्या पीओपीतून खाली आली. काका सकाळी भेटले तर म्हणाले, "चारही एंजल गेले हो!" वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण माझ्या छताबद्दल, भिजलेल्या यूपीएसबद्दल मिळालं ते "होतं असं". आता सोसायटीच्या कमिटीने टाक्यांवर सरसकट बंदीचा ठराव आणलाय, आणि मी सगळ्यात आधी हात वर करणार असं सगळे धरून चाललेत. मी विरोधात मत देणार आहे. का, ते सांगतो.

आधी थोडं गणित. चार फूट लांब, दीड रुंद, दीड उंच. म्हणजे ९ घनफूट, म्हणजे काठोकाठ साधारण २५५ लिटर. दहा बाय पंधराच्या हॉलमधे हे सगळं पसरलं तर जवळजवळ पावणेदोन सेंटीमीटर पाणी. पुढच्या काचेवर आतून सव्वाशे किलोच्या आसपास रेटा. आणि हा रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो! तीच टाकी दोन फूट उंच केली की आकडा सव्वादोनशेच्या पुढे. दुकानात मात्र "अजून सहा इंच वाढवू ना साहेब, शो येतो" म्हणतात, आणि काचेच्या जाडीबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. स्टँड सपाट आहे का, खाली थर्माकोल घातलाय का, तेही नाही. (स्टँडला पीळ असला की तो सगळा ताण सिलिकॉनच्या जोडावर येतो.) टाकी कुठल्या दिशेला ठेवली की पैसा येतो, ते मात्र तोंडपाठ! च्यायला, ईशान्येला ठेवलेलं पाणीसुद्धा गुरुत्वाकर्षणानेच खाली येतं.

आता काकांकडे काय झालं ते बघा. त्यांचा फिल्टर बाहेरचा, खालच्या कपाटातला. टाकीतलं पाणी नळीने खाली येतं, गाळलं जातं, पंप ते वर पाठवतो. वरून येणारी नळी फिल्टरपाशी निसटली. झालं, सायफन सुरू. त्याला ना वीज लागते ना परवानगी. तो थांबतो एकाच ठिकाणी, टाकीतलं त्या नळीचं तोंड उघडं पडेल तिथे. काकांच्या नळीचं तोंड तळापासून दोन इंचांवर होतं, म्हणून टाकीत दोनच इंच पाणी उरलं. ते अर्ध्या उंचीवर असतं तर अर्धी टाकी वाचली असती, आणि बहुधा एंजलसुद्धा. नळीवर एक क्लँप असता तर हा लेखच झाला नसता. यात नशीब कुठे आलं?

एअर पंपाचंही तेच. पंप जमिनीवर, एअरस्टोन तळाशी, आणि वीज गेली की पाणी त्या बारीक नळीतून उलटं उतरून पंपात आणि तिथून खालच्या एक्स्टेंशन बोर्डवर. उपाय? पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर नळीत एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला. वडापाव-चहाच्या पैशात येतो.

आणि आपला खास देशी प्रकार. पाणी बदलायला नळाला पाइप लावला, नळ सोडला, तर पाणीच नाही. नळ तसाच उघडा ठेवून मंडळी झोपली. पहाटे पाच वाजता पालिकेला जाग येते..

हापिसात आपण एक सर्व्हर पडला तर काय, यावर तीन-तीन मिटिंगा घेतो. 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' हा शब्द तोंडात चोवीस तास. घरी आलो की अडीचशे लिटर पाणी एका प्लॅस्टिकच्या नळीच्या भरवशावर, तेही दुसऱ्याच्या डोक्यावर! (काकासुद्धा आयटीतलेच, म्हणून जास्त चिडलोय.)

कोणीतरी लगेच बर्लिन काढतंच. १६ डिसेंबर २०२२ ला पहाटे तिथल्या हॉटेलातली ॲक्वाडोम फुटली. १० लाख लिटर पाणी, सुमारे १५०० मासे, दोघं जखमी. "बघ, जर्मनांची पण फुटते!" अहो, पण ती ॲक्रिलिकची, १४ मीटरची टाकी होती. पुढे तज्ज्ञांनी तुकडे जमवून जोड, दुरुस्तीतला खोका, कोरडी पडलेली भिंत असं सगळं तपासलं आणि एकच नक्की कारण सांगता येत नाही, असा निष्कर्ष २०२३ मधे दिला. एवढं शोधल्यावर "माहीत नाही" म्हणायचा हक्क मिळतो. कपाट न उघडता नाही.

असो. तर बंदी का नको? कारण वॉशिंग मशीनची नळी अशीच निसटते, गच्चीवरची टाकी दर आठवड्याला वाहते, त्यांच्यावर कोणी बंदी घालत नाही. बंदी घातली की लोक टाक्या लपवून ठेवतील आणि क्लँप तरीही लावणार नाहीत. मी कमिटीला लेखी दिलंय. दोन फुटांवरच्या टाकीची नोंद करा, क्लँप, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि तीस मिलिअँपचा ईएलसीबी सक्तीचा करा, आणि खालच्याचं नुकसान वरच्याने भरायचं हे आधीच सही करून घ्या. सेक्रेटरी म्हणाले, "एवढं कोण तपासणार?" शनिवारी मी मोकळा असतो, म्हटलं. सुरुवात काकांपासून.