हाताला जपा, पण बांधून ठेवू नका

गेल्या वर्षी एक सासू-सून दवाखान्यात आल्या. सासूबाईंचे वय ६८. उजव्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन सहा आठवडे झाले होते. जखम उत्तम भरली होती. परंतु किरणोपचार सुरू होऊ शकले नव्हते. त्या उपचारात हात डोक्याच्या वर घेऊन काही मिनिटे निश्चल पडून राहावे लागते आणि त्यांचा हात खांद्याच्या वर जातच नव्हता. "डॉक्टर, मी त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही हो," सून म्हणाली. तिच्या सेवेत कसूर नव्हती. खांदा आखडला होता तो त्या सेवेनेच.

वाचकहो, या शस्त्रक्रियेत पुष्कळदा काखेतील लसिकाग्रंथीही काढतात. जखम भरताना तेथील भाग ताठर होतो. त्यात दुखेल या भीतीने हात छातीशी धरून ठेवला, की सांधा आखडतो. म्हणून हालचाल लवकर, पण पायरीपायरीने सुरू करावी. आपल्या शल्यचिकित्सकांची अनुमती असल्यास दुसऱ्या दिवसापासून बोटे, मनगट व कोपर हलवावे. तोंड धुणे, बटणे लावणे ही कामे त्याच हाताने करावीत. ड्रेनची नळी असेपर्यंत हात खांद्याच्या पातळीवर नेऊ नये.

नळी निघाल्यावर भिंतीकडे तोंड करून उभे राहावे आणि बोटांनी भिंतीवर हळूहळू वर चढावे. जेथवर पोहोचाल तेथे पेन्सिलीने खूण करावी. हा व्यायाम दिवसातून दोन-तीन वेळा करावा. ताण जाणवावा, कळ येऊ नये. काही जणींना काखेतून कोपराकडे दोरीसारखे काही ताणलेले लागते. घाबरू नये, बहुधा काही महिन्यांत ते विरते. फिजिओथेरपिस्टला मात्र दाखवावे.

तेलाने रगडून मालीश करू नये. बांगडी वा अंगठी घट्ट होऊ लागली, हात जड वाटू लागला, तर शस्त्रक्रियेला वर्षे लोटली असली तरी डॉक्टरांकडे जावे. हात लाल व गरम होऊन ताप आला, तर त्याच दिवशी जावे. "जन्मभर वजन उचलायचे नाही" हा समजही आता मागे पडला आहे. २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हाताला सूज असलेल्या स्त्रियांनी देखरेखीखाली, क्रमाक्रमाने वजन उचलल्याने सूज वाढली नाही, असे आढळले.

त्या सासूबाईंनी रोज नेटाने व्यायाम केला आणि तीन आठवड्यांनी किरणोपचार सुरू झाले. पुढे भेटायला आल्या तेव्हा अंबाडा त्यांनी स्वतः घातला होता. सून शेजारी उभी होती, हात न लावता. सेवा करणाऱ्यांनो, रुग्णाच्या हातातले काम काढून घेऊ नका. ते होईपर्यंत शेजारी थांबा.