साक्ष खडकाची हवी

डोंगरदऱ्यांत भटकणाऱ्यांसाठी कपडे आणि साधने बनविणाऱ्या उद्योगाने 'निसर्गरक्षण' हा शब्द आता इतका आपलासा केला आहे की, त्यांच्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या ग्राहकाला आपण खरेदी केली नसून एखादे सत्कार्यच केले, असे वाटावे. जाकिटाला चिठ्ठी लावलेली असते: हे टाकून दिलेल्या बाटल्यांपासून बनले आहे. सदऱ्याला दुसरी चिठ्ठी: हा कापूस विषारी फवारणीविना पिकला आहे. या चिठ्ठ्या खोट्या आहेत, असे आम्ही म्हणत नाही. आमचा आक्षेप आहे तो त्यांवरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षावर. वस्तूचे साहित्य निर्दोष, म्हणून ती विकत घेणेही निर्दोष, हा तर्क आम्हांला मान्य नाही.

वाईट कंपनीचे उदाहरण घेऊन हे सिद्ध करणे सोपे आहे. म्हणून आम्ही या क्षेत्रात सर्वांत प्रामाणिक समजल्या जाणाऱ्या कंपनीचेच उदाहरण घेतो. कॅलिफोर्नियातील 'पॅटागोनिया' ही ती कंपनी. तिचे संस्थापक इव्हॉन शुइनार्ड हे मुळात गिर्यारोहक आणि हाताने लोहारकाम करणारे कारागीर. कड्याच्या भेगेत हातोडीने ठोकावयाच्या पोलादी मेखा ते बनवीत. १९७० पर्यंत त्यांचा कारखाना अमेरिकेत गिर्यारोहणाची साधने पुरविणारा सर्वांत मोठा कारखाना झाला होता आणि या मेखा त्या धंद्याचा कणा होत्या.

त्या सुमारास शुइनार्ड योसेमिटीच्या 'एल कॅपिटन' कड्यावरील 'नोज' ही प्रसिद्ध वाट चढले. काही उन्हाळ्यांपूर्वी अभंग असलेला तो खडक, तीच ती मेख पुन्हा पुन्हा ठोकून आणि उपसून, जागोजागी फुटला होता. त्यांनी व त्यांचे भागीदार टॉम फ्रॉस्ट यांनी मेखांचा धंदा आवरता घेण्याचे ठरविले. १९७२ च्या त्यांच्या सूचिपत्रात हातोडीशिवाय, नुसत्या हाताने भेगेत बसविता आणि काढता येणारी ॲल्युमिनियमची साधने आली. ती का वापरावीत, हे सांगणारा डग रॉबिन्सन यांचा दीर्घ लेखही त्यात होता. नव्या साधनांचाही खप भरपूर झाला, हे खरे. परंतु त्या सुधारणेची साक्ष जमाखर्चाच्या वहीत शोधावी लागली नाही. ती खडकानेच दिली. घाव घालणारी हातोडीच थांबली होती.

आमच्या मते खऱ्या सुधारणेची कसोटी हीच होय: जिथे इजा होत होती, तिथे ती थांबली काय? वस्तूवरील चिठ्ठीला नव्हे, जखमेला विचारावे.

आता याच कसोटीवर कपड्यांकडे पाहू. १९९३ साली पॅटागोनियाने शीतपेयांच्या टाकाऊ बाटल्यांपासून लोकरीसारखे ऊबदार 'फ्लीस' कापड बनविण्यास सुरुवात केली. १९९६ पासून तिने आपला सगळा कापूस सेंद्रिय शेतीतून घेतला. दोन्ही गोष्टी स्तुत्य आहेत. परंतु बाटलीचे जाकीट झाले, तरी प्लास्टिकचे प्लास्टिकपण संपत नाही. २०१६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील संशोधकांनी पॅटागोनियाच्याच साहाय्याने असे कपडे यंत्रात धुऊन पाहिले. एका धुण्यात एका जाकिटातून सरासरी १.७ ग्रॅम सूक्ष्म धागे सुटले. ते सांडपाण्यात जातात आणि त्यांतील काही नदी-समुद्रापर्यंत पोहोचतात. रस्त्यावरची बाटली निदान उचलता तरी येते. पाण्यात विरलेला धागा कोण वेचणार?

पाऊस कापडावरून निथळावा म्हणून वापरल्या जाणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांची कथाही अशीच. ही रसायने निसर्गात सहजी नष्ट होत नाहीत. उद्योगाने प्रथम लांब साखळीची रसायने सोडून आखूड साखळीची धरली आणि त्यास प्रगती म्हटले. परंतु तीही टिकाऊच निघाली. अखेर २०२२ साली कॅलिफोर्नियाने कायदा केला आणि १ जानेवारी २०२५ पासून कपड्यांतील या रसायनांवर बंदी आली. त्यातही मुसळधार पावसासाठीच्या खास कपड्यांना २०२८ पर्यंत सवलत मिळाली. उद्योगाची सदसद्विवेकबुद्धी जागी असेलही. परंतु तिला वेळेवर उठविण्यासाठी कायद्याची घंटा लागते, हे विसरून चालणार नाही.

माणसांच्या बाबतीतही हेच. पॅटागोनियाने २०११ मध्ये आपल्या कापडपुरवठादारांची तपासणी केली, तेव्हा तैवानमधील गिरण्यांत परदेशांतून आलेले मजूर दलालांच्या फीपोटी कर्जात बुडालेले आढळले. कंपनीने ते दडविले नाही आणि २०१४ मध्ये अशा मजुरांसाठी नियम केले. आखाती नोकरीसाठी एजंटाचे पैसे भरताना घरातले सोने गहाण पडलेले आमच्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिले आहे. या कर्जाचा अर्थ त्यांना वेगळा सांगावयास नको. चिठ्ठीवर बाटल्यांचा उल्लेख होता, या कर्जाचा नव्हता.

सर्वांत बोलकी आहे ती २५ नोव्हेंबर २०११ ची जाहिरात. अमेरिकेत वर्षातील सर्वांत मोठ्या खरेदीच्या दिवशी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये पॅटागोनियाने आपल्याच जाकिटाचे चित्र छापून वर लिहिले: हे जाकीट विकत घेऊ नका. त्याचे ६० टक्के पॉलिएस्टर पुनर्वापरातील होते. तरीही ते बनविण्यास १३५ लिटर पाणी लागले, त्यापायी त्याच्या वजनाच्या २४ पट कर्बवायू हवेत गेला आणि वजनाच्या दोनतृतीयांश कचरा मागे राहिला. हे आकडे कंपनीनेच दिले होते. विक्रेत्याने इतके खरे बोलावे, हे दुर्मिळच. परंतु पुढच्या वर्षी विक्री घटली नाही, वाढली. 'घेऊ नका' हे वाक्यही घेण्याचे निमित्त झाले!

२०२२ साली शुइनार्ड कुटुंबाने सुमारे तीन अब्ज डॉलरची ही कंपनी एका न्यासाला व एका ना-नफा संस्थेला देऊन टाकली. आता तिचा शिल्लक नफा निसर्गरक्षणासाठी जातो. हा त्याग लहान नाही. परंतु पेच सुटला काय? दान वाढावयाचे तर नफा वाढला पाहिजे, आणि नफा वाढावयाचा तर जाकिटे अधिक खपली पाहिजेत. जखमेवर लावावयाच्या मलमाचे पैसे जखम करूनच मिळवावयाचे, असा हा हिशेब आहे.

यावर एक उत्तर दिले जाते: चांगल्या कंपनीने कमी विकले, तर ग्राहक वाईट कंपनीकडे जाईल. हा युक्तिवाद पोकळ नाही. परंतु तो गृहीत धरतो की, ग्राहकाला जाकीट हवेच आहे. आमचा प्रश्न तेथेच आहे. कपाटात एक धडके जाकीट असताना दुसरे हवे कशाला? हे सारे ढोंग आहे, म्हणून आपण काहीही घ्यावे, असे म्हणणाऱ्यांशीही आम्ही सहमत नाही. दुसऱ्याच्या अपूर्ण सत्कृत्यावर बोट ठेवून स्वतःला मोकळे करून घेणे हा आळसाचाच सुशिक्षित प्रकार होय.

म्हणून उद्योगाकडे आमची मागणी साधी आहे. प्रत्येक कंपनीने दरवर्षी दोन आकडे शेजारी शेजारी छापावेत: नवे कपडे किती विकले आणि जुने किती दुरुस्त केले. पॅटागोनिया नेवाडातील रेनो येथे दुरुस्तीचा मोठा कारखाना चालविते. म्हणजे हे अशक्य नाही. पहिला आकडा उतरू लागेल आणि दुसरा चढू लागेल, तेव्हा 'निसर्गरक्षण' हा शब्द आम्ही विनाअट मान्य करू.

आणि मागणी आपल्या घरांकडेही आहे. पावसाळा आला की आपली मुले सह्याद्रीत भटकावयास निघतात. चांगली गोष्ट आहे. त्यांना नव्या जाकिटाआधी जुन्याची चेन बदलून द्यावी. नाक्यावरच्या शिंप्याला ते काम येते. पाठपिशवी वर्षातून दोनदाच लागत असेल, तर शेजाऱ्याची मागून आणावी. फ्लीस मळल्यावाचून यंत्रात टाकू नये. यात मिरविण्यासारखे काही नाही आणि याला कोणी चिठ्ठीही लावणार नाही. परंतु जे जाकीट शिवलेच गेले नाही, त्याचे १३५ लिटर पाणी नदीतच राहते.