ज्वालामुखी आणि कारकून : एका उपेक्षित चित्रपटाची कैफियत

एखाद्या कलाकृतीवर अन्याय झाला असे मनापासून वाटले, की तिच्या कैवारासाठी लेखणी उचलावी आणि प्रतिपक्षाच्या म्हणण्यात काडीचेही तथ्य नाही असे ठणकावून सांगावे, ही रीत सोपी असली तरी मला मान्य नाही. कारण ज्या सिद्धान्ताने पूर्वपक्षाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतलेले नाही, त्याला वजन येत नाही, ही आपल्या शास्त्रकारांची शिकवण आहे. म्हणून जॉन पॅट्रिक शॅन्ली यांनी लिहिलेल्या आणि दिग्दर्शित केलेल्या ‘जो व्हर्सेस द व्हॉल्केनो’ या १९९० सालच्या अमेरिकन चित्रपटाची कैफियत मांडताना त्याच्यावरच्या फिर्यादी आधी वाचून दाखवणे मी अगत्याचे समजतो. मला हा चित्रपट अत्यंत प्रिय आहे. तो प्रियाराधनाचा विनोदी चित्रपट आहे, विक्षिप्तही आहे. आणि त्याची विक्षिप्तता हा त्याचा दोष नसून जे सांगायचे ते सांगण्याची त्याला सापडलेली एकमेव वाट आहे, एवढेच मला सिद्ध करावयाचे आहे.

शॅन्ली हे त्या वेळी अनोळखी गृहस्थ नव्हते. ‘मूनस्ट्रक’ या १९८७च्या चित्रपटाच्या पटकथेसाठी त्यांना ऑस्कर मिळाले होते, आणि दिग्दर्शक म्हणून त्यांचा हा पहिलाच चित्रपट होता. टॉम हँक्स आणि मेग रायन यांची जोडी पडद्यावर प्रथम जमली ती इथेच. पुढे १९९३चा ‘स्लीपलेस इन सिॲटल’ आणि १९९८चा ‘यू हॅव गॉट मेल’ या चित्रपटांतून तीच जोडी घरोघरच्या कौतुकाची झाली, आणि या पहिल्या भेटीचा कागद मात्र दफ्तरदाखल होऊन पडला. रॉजर ईबर्ट यांच्यासारख्या मातबर समीक्षकाने त्याला चारपैकी साडेतीन तारे देऊन आपली साक्ष नोंदवली होती. तरी एकंदर कौल थंडच राहिला. शॅन्ली यांनी त्यानंतर दिग्दर्शन केले ते थेट २००८ साली, ‘डाउट’ या चित्रपटाचे. मधल्या अठरा वर्षांत आपण किती चित्रपटांना मुकलो असू, या विचाराने मला आजही हळहळ वाटते.

कथा थोडक्यात अशी. जो बँक्स हा एका वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात, तळघरासारख्या कोंदट कचेरीत, जाहिरातींची पत्रके सांभाळणारा कारकून. एकेकाळी तो आगीच्या बंबावरचा धाडसी जवान होता. पण त्या धाडसाने मनात जी भीती मागे ठेवली, तिने त्याला इथे आणून बसवले आहे आणि सतत आजारी असल्याचा भास त्याच्या मागे लावला आहे. एके दिवशी डॉक्टर त्याला सांगतात की तुझ्या मेंदूवर एक मळभ आले आहे, त्याला लक्षणे नाहीत आणि उपायही नाही, फार तर सहा महिने उरले आहेत. तो राजीनामा देतो. दुसऱ्या दिवशी ग्रेनामोर नावाचा धनाढ्य उद्योगपती त्याच्या दारात उभा राहतो आणि करार मांडतो : हवा तेवढा पैसा खर्च कर, राजासारखा जग, आणि शेवटी वापोनी वू या बेटावरच्या ज्वालामुखीत उडी घे. बेटावरच्या लोकांना शंभर वर्षांतून एकदा देवाला असा बळी द्यावा लागतो. त्यांच्यातला कोणी तयार नाही. आणि ग्रेनामोरला त्या बेटातले एक दुर्मीळ खनिज हवे आहे. जो तयार होतो. ग्रेनामोरची मुलगी पॅट्रिशिया त्याला आपल्या नौकेतून बेटाकडे नेते, वाटेत वादळात नौका बुडते, आणि या दोघांचे प्रेम खुल्या समुद्रावर जन्माला येते.

पहिली फिर्याद अशी की, या चित्रपटाला स्वतःची जात ठरवता आलेली नाही : आरंभी तो कारखानदारीवरचा काळाकुट्ट उपहास, मध्ये शहरातील सुखचैनीची सहल, पुढे समुद्रावरचे साहस आणि अखेरीस परीकथा, असे चार तुकडे एकत्र टाचले आहेत. या आक्षेपाला उत्तर द्यायला मला परमुलखात जावे लागत नाही. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी रसांची जी जन्यजनक व्यवस्था लावली आहे, तिच्यात बीभत्सापासून भयानक, शृंगारापासून हास्य आणि वीरापासून अद्भुत उपजतो असे सांगितले आहे. आणि हा चित्रपट त्या व्यवस्थेवर नजर ठेवून रचला असावा इतका तिच्याशी जुळतो. कारखान्याची ती ओंगळ उपकरणे, चिखलातून वाकड्यातिकड्या वाटेने आत जाणारी माणसांची रांग, त्या रांगेच्या बुटाखाली चिरडले जाणारे एकुलते एक फूल, दिव्यांचा तो हिरवट, आजारी उजेड हा सारा बीभत्स, आणि त्यातूनच जोच्या मनातले मरणाचे भय उपजले आहे. पुढे शृंगार आला की हास्य मोकळे होते, आणि जो दुसऱ्यासाठी स्वतःचा जीव पणाला लावू लागला की त्या वीरातून अद्भुत उगवते. रसांचा हा क्रम म्हणजे एका माणसाच्या जागे होण्याचा क्रम आहे. ज्यांना तुकडे दिसले, त्यांनी शिवण पाहिली नाही. ती शिवण तर दिग्दर्शकाने डोळ्यांसमोर काढून ठेवली आहे : कारखान्याच्या वाटेची ती नागमोडी रेघ जोच्या खोलीतील भिंतीच्या तड्यात दिसते, नौका बुडवणाऱ्या विजेत दिसते, आणि शेवटी ज्वालामुखीवर चढणाऱ्या पायवाटेतही दिसते. कचेरीची वाट आणि मृत्यूची वाट एकाच वळणाची आहे. फरक पडतो तो चालणाऱ्यात.

दुसरी फिर्याद मेग रायन यांच्या तीन भूमिकांबद्दल आहे. कचेरीतली घाबरट सहकारी डीडी, लॉस एंजेलिसमधली अतृप्त कवयित्री अँजेलिका आणि तिची सावत्र बहीण पॅट्रिशिया या तिघींना एकाच अभिनेत्रीने साकार करणे ही केवळ चमत्कृती आहे, असे म्हणतात. मला ती चमत्कृती वाटत नाही. माणूस जोवर स्वतः झोपलेला असतो, तोवर त्याला भेटणारी प्रत्येक व्यक्ती त्याच्याच भयाची छाया होऊन येते. डीडी जोच्या मरणाची वार्ता ऐकताच निघून जाते, कारण तिच्यातही त्याच्यासारखेच भय आहे. अँजेलिका बापाच्या पैशावर जगते आणि त्याच पैशाने पोखरली जाते. पॅट्रिशियाही एका नौकेच्या लोभाने बापापुढे झुकली आहे, पण तिला त्याची लाज वाटते आणि ती लाज ती उघड बोलून दाखवते. चेहरा तोच, बदलत जातो तो प्रामाणिकपणा. प्रेम नव्या माणसाच्या शोधात असते असे आपण समजतो, परंतु पुष्कळदा ते त्याच चेहऱ्यातला जागा माणूस शोधत असते, हे तीन वेगळ्या अभिनेत्रींच्या द्वारे कधीच दाखवता आले नसते.

तिसरी फिर्याद बेटावरच्या लोकांविषयी आहे, आणि ती मी झटकून टाकणार नाही. नारिंगी सरबताच्या बाटल्यांवर जीव टाकणारी, भोळसट, हास्यास्पद जमात दाखवणे ही पाश्चात्त्य करमणुकीची जुनी खोड आहे, आणि ज्या देशाने परक्यांच्या चष्म्यातून स्वतःचे विपरीत चित्र दीडशे वर्षे पाहिले, त्या देशातील प्रेक्षकाला ती खटकली नाही तरच नवल. चित्रपटाच्या बाजूने इतके म्हणता येते की, भरकटलेल्या रोमन जहाजावरच्या ज्यू आणि केल्ट मंडळींपासून या जमातीची वंशावळ काढून शॅन्ली यांनी ती कोणत्याही खऱ्या समाजावर बेतलेली नसल्याचे स्पष्ट केले आहे. शिवाय खरा अपराधी बेटाच्या पोटातील खनिजासाठी एका माणसाचा जीव विकत घेणारा ग्रेनामोर आहे, याबद्दल पटकथेच्या मनात संदेह नाही. तरीही हा भाग सर्वांत कच्चा आहे, हे मी कबूल करतो. परंतु एका खोलीचे छप्पर गळते म्हणून सारे घर राहण्याला नालायक ठरवण्याचा फैसला मला मंजूर नाही.

चौथी फिर्याद शेवटाविषयी. दोघे हातात हात घालून ज्वालामुखीत उडी घेतात, आणि ज्वालामुखी त्यांना गिळण्याऐवजी आकाशात भिरकावून देतो. बेट बुडते, हे दोघे तरतात. आणि मग उलगडा होतो की तो डॉक्टर ग्रेनामोरच्या पदरचा होता आणि ते मळभ निखालस बनावट होते. हे फार सोयीचे झाले, असा आरोप आहे. नाटकाच्या निर्वहणात अद्भुत रस योजावा असे भरताने सांगून ठेवले आहे, आणि त्यामागचे मर्म असे की, शेवट कारणांच्या हिशोबात चोख बसला तर प्रेक्षक मान डोलावतो, परंतु त्याचे अंतःकरण उचंबळत नाही. त्यातून इथला चमत्कार फुकट मिळालेला नाही. जोने उडी घेतली तेव्हा आपण वाचू हे त्याला ठाऊक नव्हते, आणि पॅट्रिशियाने त्याचा हात धरला तेव्हा तिलाही ते ठाऊक नव्हते. ज्यांनी पुरी किंमत आधी मोजली, त्यांना ती परत मिळाली तर तिला सोय म्हणू नये, प्रसाद म्हणावे.

खंडन येथे संपले, आता मंडन.

हा चित्रपट मी प्रथम पाहिला तो एका स्नेह्याकडून आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर, दिवसभर कचेरीत फायली उपसून घरी परतल्यावर. डोक्यावर लुकलुकणारी ट्यूबलाइट, साहेबांच्या तोंडची तीच ती वाक्ये, संध्याकाळी कसलेही कष्ट न करता आलेला थकवा, हे सारे मला पडद्यावर दिसले, आणि मी हसता हसता गप्प झालो. जोच्या बुटाचा तळ सुटत आला आहे आणि तो सहकारिणीला तसे सांगतो. इंग्रजीत तळ आणि आत्मा या दोन्ही शब्दांचा उच्चार सारखाच, त्यामुळे त्या साध्या तक्रारीत त्याची सारी कहाणी सांगून झालेली असते. राजीनामा देताना तो म्हणतो ते असे की, जगण्याची भीती वाटली म्हणून आपण आपले आयुष्य आठवड्याला तीनशे डॉलरांना विकले. नोकरीच्या जाचाविषयी मी पुष्कळ वाचले होते. परंतु जाच आपल्या भीतीच्या संमतीने चालतो, हे मला या विनोदी चित्रपटाने सांगितले.

आणि या जागे होण्याच्या वाटेवर त्याला जी माणसे भेटतात, ती किती आदराने रेखाटली आहेत! ऑसी डेव्हिस यांनी साकारलेला मोटारचालक मार्शल जोला कपडे कोणते घ्यावेत हे सांगायला प्रथम नकार देतो, कारण पोशाख माणसाला शोभावा लागतो आणि आपण कोण आहोत हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. सामानाच्या दुकानातला विक्रेता समुद्रप्रवासाच्या पेट्यांविषयी बोलतो ते एखाद्या पुरोहिताने यज्ञाच्या साहित्याविषयी बोलावे तशा गांभीर्याने. आणि जो त्या उत्तम, पाणी न शिरणाऱ्या चार पेट्या घेतो. नौका बुडते तेव्हा याच पेट्यांचा तराफा होतो. मरणाच्या प्रवासाला निघालेल्या माणसाने सामान मात्र आयुष्यभर टिकणारे घेतले, आणि त्या सामानानेच त्याला जगवले, ही योजना मला उत्तम काव्याच्या तोडीची वाटते.

त्या तराफ्यावर जे घडते ते माझ्या मते विनोदी चित्रपटांतील शृंगाराचे अत्यंत शुद्ध रूप आहे. पॅट्रिशिया दिवसचे दिवस बेशुद्ध आहे, आणि जो उरलेले पाणी बाटलीच्या टोपणात मोजून तिच्या ओठांना लावतो, स्वतः मात्र कोरडा राहतो. ती हे पाहत नाही. तिच्याकडून त्याला शब्द मिळणार नाही, कृतज्ञताही मिळणार नाही. मग एका रात्री तहानेने अर्धमेल्या झालेल्या जोसमोर क्षितिजातून प्रचंड चंद्र वर येतो, आणि तो कसाबसा उभा राहून, हात उंचावून, ज्याचे नाव त्याला ठाऊक नाही अशा ईश्वराचे आपल्या आयुष्याबद्दल आभार मानतो. आपले मरण आपणच पाहिले आणि तो सोहळा झाला, असा अनुभव तुकोबांनी आपल्याला कधीच सांगून ठेवला आहे, आणि तो आपण कीर्तनात, टाळांच्या गजरात ऐकत आलो आहोत. हॉलिवुडच्या एका विक्षिप्त चित्रपटात, चार पेट्यांच्या तराफ्यावर, त्याच अनुभवाचे दूरचे प्रतिबिंब पाहून माझे हात आपोआप जोडले गेले.

प्रियाराधनाचे बहुतेक विनोदी चित्रपट प्रेमाला मुक्काम मानतात : दोघे भेटली, गैरसमज मिटले, पडदा पडला. इथे प्रेम ही सोबत आहे, आणि ती सोबत फक्त जाग्या माणसाला मिळते. म्हणून पडदा पडतो तेव्हा या दोघांना ना घर आहे, ना नोकरी, ना किनारा. तीच चार पेट्यांची नाव आहे आणि समोर चंद्र आहे. एवढी मोठी गोष्ट गंभीर चेहऱ्याने सांगितली असती तर ती प्रवचन झाली असती, आणि नेहमीच्या वास्तववादी चौकटीत सांगितली असती तर ती कोणाला खरी वाटली नसती. ती कारकुनाच्या, ज्वालामुखीच्या आणि नारिंगी सरबताच्या वेड्या कहाणीतूनच सांगता येत होती, आणि शॅन्ली यांनी ती तशीच सांगितली.

माझी कैफियत येथे पुरी होते. वाचकाने फैसला देण्याआधी हा चित्रपट एकदा पाहावा, आणि टोपणभर पाणी दुसऱ्याच्या ओठांना लागते तो प्रसंग आला की क्षणभर स्वतःला विचारावे, की उद्या सकाळी कचेरीच्या हजेरीपुस्तकात सही करणारा हात आपल्या कोणत्या माणसासाठी असे पाणी मोजील. त्या प्रश्नाने ज्याचे मन हलेल, त्याच्यापुढे या चित्रपटाचे वकीलपत्र घेण्याची मला गरज राहणार नाही.