एकच खेळ, दोन घरे

बेसबॉल म्हटले की अमेरिका आठवते. जपानमध्ये मात्र हा खेळ रुजवला एका शिक्षकाने. १८७२ च्या सुमारास टोकियोत शिकवणाऱ्या होरेस विल्सन या अमेरिकन गुरुजींनी विद्यार्थ्यांच्या हाती बॅट दिली. आम्ही त्याच पेशातले, म्हणून ही गोष्ट आम्हांला विशेष आवडते.

नियम बहुतेक तेच राहिले, रीत बदलली. अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये निकाल लागेपर्यंत डाव वाढवतात. जपानच्या व्यावसायिक लीगमध्ये मात्र साखळी सामना बारा डावांनंतरही बरोबरीत असला, तर ती बरोबरी मान्य करून दोन्ही संघ घरी जातात.

दुसरा फरक फटक्याचा. आपण बाद होणार हे ठाऊक असूनही फलंदाज चेंडू हलकेच जमिनीवर थोपवतो, म्हणजे आधीच बेसवर असलेला साथीदार एक टप्पा पुढे सरकतो. इंग्रजीत हा ‘सॅक्रिफाइस बंट’, आपल्या भाषेत कुर्बानीचा फटका. जपानी माणूस त्याला ‘ओकुरी बांतो’, म्हणजे पुढे पाठवणारा बंट, म्हणतो. अमेरिकेत तो आता क्वचित दिसतो. हातचा गडी असा घालवणे तिथल्या हिशेबात परवडत नाही. जपानमध्ये त्याचा मान अजून टिकून आहे.

हे वळण शाळेपासूनच लागते. १९१५ पासून चालत आलेली हायस्कूलची उन्हाळी स्पर्धा कोशिएन मैदानावर भरते. एकदा हरले की संपले. हरलेली मुले रडत रडत मैदानातली माती पिशवीत भरून घरी नेतात.

पण कुर्बानीलाही हद्द हवी. १९९८ साली याच स्पर्धेत दाइसुके मात्सुझाका या शाळकरी गोलंदाजाने एकाच सामन्यात सतरा डावांत २५० चेंडू टाकले. संघ जिंकला, देशभर वाहवा झाली. कोवळ्या खांद्याचा विचार नियमात यायला मात्र पुढे बावीस वर्षे लागली. २०२० पासून एका गोलंदाजाला आठवड्यात ५०० चेंडूंची मर्यादा आहे. अमेरिकेत मुलांसाठी वयानुसार दिवसाची मर्यादा सुचवलेली असते.

हे वाचताना आम्ही थोडे ओशाळलो. वक्तृत्व असो, प्रश्नमंजूषा असो की स्नेहसंमेलन, आम्हीही त्याच दोन हुशार मुलांना पुढे करतो. ती नाही म्हणत नाहीत, म्हणून थकत नाहीत असे धरून चालतो. घरातही थोरल्या मुलीचे असेच होते. दुसऱ्यासाठी झिजायला मुलांना जरूर शिकवावे. पण त्यांचे चेंडू मोजण्याचे काम मोठ्यांचेच आहे.